बंद फाटकाचा पाऊण तास

गोंदियात मी सहा वर्षं मास्तरीण होते, आणि त्यातले कितीतरी दिवस मी रेल्वेच्या बंद फाटकापुढं उभी राहून घालवले. माझी खोली लाइनीच्या अलीकडे, मुलींची मराठी शाळा पलीकडे. मधला रस्ता एवढा अरुंद, की मोटार आली की सायकलवाल्यानं मुकाट्यानं नालीत उतरायचं, आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या तर सगळ्या गावानं उतरायचं. लढाईचे दिवस होते. बड्या लाइनीवरून पलटणींच्या गाड्या जात, छोट्या लाइनीवर तांदळाचे डबे तोडायचं आणि जोडायचं काम चाले. फाटक एकदा बंद झालं की उघडायचं नाव काढत नसे.

फाटकापुढं उभं राहायची एक रीत होती. कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. फाटकाला लागून पहिली जागा मोटारीची. मोटार सगळ्यात शेवटी आली तरी तिनं भोंगा वाजवला की आधी आलेल्यांनी सायकली कडेला घ्यायच्या आणि तिला पुढं जाऊ द्यायचं. तिच्यामागं सायकली; त्यांतही कचेरीतले पुढं, गिरणीतले मागं. त्यांच्यामागं बैलगाड्या. पायी माणसाला मात्र फाटकाच्या बाजूला एक अरुंद वाट होती. इंजीन लांब असलं की फाटकवाला पायी माणसांना त्या वाटेनं सोडी. सायकल न्यायची तर ती खांद्यावर उचलून न्यावी लागे. पुरुष नेत. मी पातळ सावरत सायकल खांद्यावर घेतली असती तर गावाला आठ दिवस दुसरा विषय लागला नसता, म्हणून मी फाटक उघडेपर्यंत उभी राही.

एकदा मोटारीला वाट देताना एक अंडीवाला सायकलसकट नालीत गेला. टोपलीतलं एकही अंडं शाबूत राहिलं नाही. तो चिखलात बसून एकेक टरफल उचलून बघत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. आम्ही म्हणते, कारण मीही हसले. उभं राहून राहून माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या माणसाला दुसऱ्याची फजिती गोड लागते. त्या दिवशी अंडीवाला होता म्हणून माझी सुटका झाली, एवढाच विचार तेव्हा माझ्या मनात आला.

कारण एरवी ती गंमत माझीच असे. गावात सायकलवर बसणारी बाई मी एकटी. रेल्वे कॉलनीतली एक मडम बदली होऊन गेली तेव्हा तिची जुनी सायकल मी घेतली होती. चालत्या सायकलवरच्या बाईला कुणी काही करू शकत नाही; फार तर मागून ओरडतील. पण फाटकापुढं ती उभी राहिली की संपलं. एकानं घंटी वाजवायची, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, अशी ओळीनं शेवटच्या सायकलपर्यंत घंटी जायची आणि परत यायची. कुणी बोलत नसे. मी मान वळवली की सगळे आभाळाकडे बघत. एकदोनदा तर मी सायकल धरून उभी असताना मागच्या चाकाचा वॉल्व्ह कुणीतरी काढून नेला. लढाईमुळं सायकलचं सामान मिळत नव्हतं. पुढं मी पदराच्या गाठीत एक जास्तीचा वॉल्व्ह बांधून ठेवायला लागले. रडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं, आणि पायीही जायचं नाही. पायी गेले असते तर त्यांना पाहिजे तेच झालं असतं.

मी काळी आणि उंच. दोन्ही भावांची लग्नं झाली, माझं जमलं नाही. ट्रेनिंग करून नोकरी धरली म्हणून वहिनीच्या चुलीपुढं बसायची पाळी टळली होती. ती नोकरी म्हणजे माझं सगळं होतं, हे आधीच सांगते. त्यानं मी केलं ते बरोबर ठरत नाही.

घंट्या बंद केल्या त्या एका विडीवालीनं. वीसेक वर्षांची असेल. माझ्याच आळीत भावाकडे राहत होती, लाइनीपलीकडच्या कारखान्यात विड्या वळायला जात होती. तिला नवऱ्यापासून पळून येऊन वर्ष झालं होतं. सासर देवरीकडे, जंगलातलं गाव. नवऱ्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तिच्या डाव्या हाताचं बोट मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं. त्या वाकड्या बोटानं ती पान इतकं झटकन वळवायची की बघत राहावं. ती पायी जाणारी, तिला फाटकाशी काय देणंघेणं? पण एके सकाळी ती बाजूच्या वाटेनं जाता जाता थांबली, परत फिरली आणि घंटीवाल्यांपुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“काऊन रे, तुमच्या घरी माया-बहिनी नाई का? कायले वाजवून राहिले?”

शेवटून कुणीतरी हसलं. ती सरळ त्याच्यापाशी गेली. “तू कोनाचा होय, मले मालूम हाये. सांगू का तुया मायले?”

त्याची घंटी थांबली. त्या दिवसापासून ती रोज माझ्याबरोबर फाटकापुढं उभी राहू लागली. तिला जाता येत होतं, तरी फाटक उघडेपर्यंत ती जायची नाही. कारखान्यात उशीर झाला की मुकादमाच्या शिव्या खायची, पण मला एकटीला सोडायची नाही. मी म्हटलं, जा गं तू, तर म्हणायची, “असू द्या बाई. मी गेली का हे पुन्हा सुरू होतेत.”

असं उभं राहता राहता मी तिला शिकवायला लागले. ती माहेरी चौथीपर्यंत शिकलेली होती. मी तिला पाचवी, सहावी, सातवीचं करून घेतलं. अर्धं शाळा सुटल्यावर आणि अर्धं फाटकापुढं. फाटकावरचं गणित तिचं पक्कं झालं. गाडीला इतके डबे, एका डब्यात इतकी पोती, असं समोरच दिसायचं. मराठी सातवीची परीक्षा, जिला सगळे फायनल म्हणत, ती तिनं बाहेरून द्यायची असं आम्ही ठरवलं. फायनल झाली की तेव्हा मास्तरीण होता येत असे.

तिच्या भावानं ते ऐकलं तेव्हा तो म्हणाला, “पास झाली त राय इथंच. नाई झाली त मी नेऊन घालतो सासरी. एका पोरीले किती दिस ठेवू?” माणूस दुष्ट नव्हता. भातशेती दुसऱ्याची, स्वतःची चार पोरं. पण बोलला तसं करणारा होता, हे तिला माहीत होतं आणि मलाही. एवढ्या एका पेपरावर तिचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

परीक्षेला महिना राहिला असताना एका सकाळी फाटकापुढं शेठची मोटार आली. हे तांदळाच्या गिरणीचे मालक आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. आम्ही रीतीप्रमाणं कडेला झालो. मोटार पुढं जाऊन उभी राहिली आणि शेठनी खिडकीतून मला बोटानं बोलावलं. विडीवाली लांब, माझी सायकल धरून उभी होती.

“बाई, सुना है आपकी वो लड़की फायनल में बैठ रही है,” शेठ म्हणाले. “बहुत अच्छा. यहीं की है, इसी गाँव की. सायकल का झंझट नहीं, लोगों की शिकायत नहीं. कमिटीला एकच बाई ठेवायची आहे, आपल्याला माहीत आहे.”

मी म्हटलं, “माझ्याबद्दल काही तक्रार आहे का?”

“आपकी नहीं. आपकी सायकल की,” असं म्हणून त्यांनी काच वर घेतली.

त्या दिवशी मी वर्गात दोन मुलींना छडीनं मारलं. एकीनं पाटी आणली नव्हती, दुसरीनं काय केलं होतं ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत मला कळलं की मी त्या विडीवालीला मारत होते. मीच तिला हाताला धरून शिकवलं, आणि आता ती माझ्या खुर्चीवर बसणार. हसून बसणार, “बाई, तुमच्यामुळं झालं” म्हणणार, आणि मी वहिनीच्या चुलीपुढं. तरी शिकवण्यात मी कसर केली नाही. व्याकरण, भूमिती, इतिहास, सगळं नीट करून घेतलं. तेवढी लाज होती. किंवा ती नापास होईल अशी मला आशा वाटत होती आणि त्यासाठी मला काही करावं लागणार नाही, असं मी धरून चालले होते. पण ती नापास होणार नव्हती. शेवटच्या आठवड्यात तिनं एक गणित माझ्याआधी सोडवलं.

परीक्षेचं केंद्र लाइनीपलीकडच्या मुलांच्या शाळेत होतं. फाटकापासून पायी गेलं तर पंधरा मिनिटं. पेपर साडेसातला, आणि आठनंतर आत घेत नाहीत, हे मीच तिला पाठ करून दिलं होतं. मी तिला म्हटलं, सकाळी माझ्या सायकलवर मागं बस, लवकर पोचू. ते मी चांगल्या मनानं म्हटलं होतं. आज एवढ्या वर्षांनी उलटसुलट करून बघते, तरी तेवढं वाक्य चांगल्या मनाचंच वाटतं.

आम्ही सात वाजता निघालो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हातात टाक आणि शाईची दौत. शाई सांडू नये म्हणून तिनं दौतीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. फाटकापाशी आलो तर फाटक बंद. समोर छोट्या लाइनीवर डबे उभे, इंजीन पार तिकडच्या टोकाला. शेठची मोटार आधीच पुढं उभी होती. मागं सात-आठ सायकली आणि बैलगाड्या. मी सायकल घेऊन मोटारीच्या बाजूनं पुढं गेले, कारण फाटकवाल्याला विचारायचं होतं. ती मागं दौत सांभाळत उभी राहिली.

फाटकवाला रायपूरकडचा, म्हातारा माणूस. तो माझ्याशी नेहमी नीट बोलायचा. हळूच म्हणाला, “बाई, आज टैम लगेगा. माल के डब्बे काटना है, फिर मिलटरी की गाड़ी पास होगी. पौन घंटा पक्का. पैदलवालों को छोड़ रहा हूँ, अभी जाने दो.”

पाऊण तास म्हणजे आठ. आणि पायी ती साडेसातच्या आत पोचत होती.

मी परत आले. मला ते सांगायला तोंड उघडायचं होतं. एक वाक्य होतं, फक्त एक. “जा, पायी जा, फाटक उशिरा उघडणार आहे.” ते मी बोलले नाही. त्याऐवजी मी म्हटलं, “जायचं तर जा पायी.” आणि ते अशा सुरात म्हटलं की तिनं जाऊ नये. मला तो सूर येतो. मुलींच्या शाळेत सहा वर्षं काढली की तो येतो.

तिनं त्या बाजूच्या वाटेकडे पाहिलं. दोन माणसं वाकून तिथून गेली. मग तिनं मागच्या सायकलवाल्यांकडे पाहिलं. त्यांच्यात नवी दोन पोरं होती, ती आमच्याकडेच बघत होती.

“तुमाले एकटीले सोडून कशी जाऊ?” ती म्हणाली. “लवकर उघडल ना बाई?”

“उघडेल,” मी म्हटलं.

आणि ती थांबली. तिनं दौत एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, माझ्या आणि त्या पोरांच्या मधे येऊन उभी राहिली, आणि मला म्हणाली की तोवर इतिहास विचारा. मी विचारला. पलीकडे डबे पुढं जात होते, मागं येत होते, आदळत होते. मी विचारत होते आणि ती उत्तरं देत होती, एकही चुकलं नाही. मोटारीतून शेठ मान वळवून आमच्याकडे बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं. ती पायी जाऊ शकते हेही, आणि मी तिला पाठवत नाही हेही. तिचा जीव टांगणीला लागला होता. दर दोन मिनिटांनी ती टाचा उंचावून बघायची. मी तिला मधे एकदा म्हटलं, “घाबरू नकोस.” तेही म्हटलं मी.

पलटणीची गाडी गेली. गोऱ्या सोल्जरांनी दारातून हात हलवले. आमच्या मागच्या काहींनी त्यांना हात हलवले. फाटक उघडलं तेव्हा आठ वाजून गेले होते. शेठच्या ड्रायव्हरनं उतरून मोटारीला हँडल मारलं. सगळे खोळंबले. मोटारीच्या आधी कुणी जायचं नाही, ही रीत. मोटार सुरू झाली, आणि माझ्याजवळून जाताना शेठनी काच खाली केली.

“बाई, आप बड़ी होशियार हो,” ते म्हणाले.

पलीकडची माणसं आणि अलीकडची माणसं लाइनीवर एकमेकांत घुसली. एका बैलगाडीचं चाक नालीत गेलं. मी सायकल रेटत, ओरडत, लोकांना ढकलत तिला पलीकडे काढलं आणि मागं बसवून जिवाच्या करारानं पायडल मारलं. हे मी का केलं, ते मला माहीत आहे. आता वेळ निघून गेली होती, आता मला चांगलं वागायला हरकत नव्हती.

शाळेच्या दारात परीक्षेवरचे मास्तर उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं आणि मान हलवली. मी भांडले. फाटक बंद होतं, त्यात तिचा काय दोष, वर्षभर मेहनत केली आहे, बाईमाणसाला कधी नाही ते संधी मिळते आहे, असं सगळं मी घसा फोडून बोलले. आतली मुलं माना वर करून बघायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खरंच आलं. मास्तर म्हणाले, “बाई, नियम म्हणजे नियम. पायी का नाही पाठवलंत?”

त्यांनी सहज विचारलं होतं. तीच म्हणाली, “मीच नाई गेली मास्तर. बाई त जा म्हनत होत्या.”

परत येताना ती सायकलवर बसली नाही. मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालले. तिनं वाटेत दौतीचं फडकं सोडलं आणि शाई रस्त्याच्या कडेला ओतून दिली. म्हणाली, दौत धुऊन देते, तुमची हाये. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बस. दोघींनाही माहीत होतं की पुढचं वर्ष तिला नाही. मला मनातून सुटल्यासारखं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटत होतं, आणि असं वाटतंय याची मला किळस येत होती. दोन्ही एकदमच. घरी येऊन मी पोटभर जेवले.

तिच्या भावानं आठ दिवस वाट पाहिली, तेही नात्यात एक लग्न होतं म्हणून. मग एका सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा फाटकापुढं त्याची बैलगाडी उभी दिसली. गाडीत तिचं गाठोडं आणि ती. देवरीचा रस्ता धरायला त्यांनाही लाइन ओलांडायची होती, आणि फाटक बंद होतं. मला मागं फिरता आलं असतं. पण तिनं मला पाहिलं आणि ती गाडीतून खाली उतरून माझ्यापाशी आली. डोक्यावर पदर घेतला होता. नवऱ्याकडे निघालेल्या बाईसारखी ती एकदम गप्प आणि मोठी दिसत होती.

“बाई, एक विचारू का?” ती म्हणाली. “रागावनार नाई ना?”

“विचार.”

“भाऊ म्हनते, फाटकवाल्यानं त्या दिशी तुमाले सांगितलं होतं, पौन घंटा लागल मनून. त्यानंच भाऊले सांगितलं. खरं हाये का?”

फाटकवाला दहा पावलांवर हिरवी झेंडी काखेत धरून उभा होता. त्यानं ऐकलं. तो माझ्याकडे बघत राहिला. भाऊ गाडीवरून बघत होता. मी तेव्हा हो म्हणाले असते, तर काय झालं असतं? ती तरीही गेली असती. परीक्षा तरीही बुडालेली होती. फक्त ती कशामुळं चालली आहे, एवढं तरी तिला कळलं असतं. मारणारा हात कुणाचा, हे मार खाणाऱ्याला कळायला पाहिजे.

“नाही,” मी म्हटलं. “मला काही बोलला नाही तो.”

तिचा चेहरा मोकळा झाला. ती भावाकडे वळून मोठ्यानं म्हणाली, “पाह्य, मी म्हटलं नवतं का? बाई असं कवाच करनार नाई.”

फाटकवाल्यानं मान दुसरीकडे फिरवली. मग ती वाकली, आणि सगळ्या सायकलवाल्यांसमोर, त्या धुळीत, तिनं माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी सायकल एका हातानं धरून ठेवली होती. दुसरा हात मी तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.